पसरणी घाट, जनरेटरची ट्रॉली आणि पंपाचं टायमिंग

गाडी : महिंद्राची जुनी पिकअप, २५२३ सीसी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन, टर्बो नाही, पंप मायकोचा इनलाइन. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६ मिलीमीटर, म्हणजे साडेतीन इंच बाय चार इंच. हे माप इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाचं आहे. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर सुरू केले, त्याच घराण्यातलं हे इंजिन. म्हणून कमी आरपीएमला ओढायची त्याला जन्मजात सवय आहे.

काम : मंडपाच्या धंद्यातला २५ केव्हीएचा जनरेटर ट्रॉलीवर घालून वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला लग्नांना न्यायचा, आणि मेणवलीला शूटिंग असलं की तिकडं. ट्रॉली, जनरेटर, केबलची बंडलं, डिझेलचे कॅन असं सगळं धरून काट्यावर १३४० किलो भरलं.

२४ सप्टेंबर २०२३, रविवार

पाचगणीच्या एका गणेश मंडळाला जनरेटर पोचवायचा होता. पसरणी मागं टाकून चार-पाच वळणं चढलो आणि पाण्याचा काटा वर सरकायला लागला. दुसऱ्या गिअरवरही गाडी मेल्यासारखी. आरशात बघितलं तर मागं काळा धूर, ट्रॉली दिसेना. शेवटी एका रुंद वळणावर बाजूला घेतली. आण्णा चालत्या गाडीतूनच उतरले आणि ट्रॉलीच्या दोन्ही चाकांमागं दगड लावले. पंचवीस मिनिटं थांबलो.

जूनमध्ये पंप कॅलिब्रेशनला दिला होता. तो बसवल्यापासून मोकळी गाडी व्यवस्थित चालत होती, उलट आवाज पूर्वीपेक्षा मऊ झाला होता आणि मी त्यावर खूश होतो. तो मऊ आवाज हाच निरोप होता, हे आता कळतंय. टायमिंग म्हणजे पंपानं सिलिंडरकडं डिझेल सोडायची वेळ. ते मागं असलं की डिझेल उशिरा पेटतं, ठोका कमी बसतो, कानाला गोड लागतं. पण उशिरा पेटलेल्या डिझेलची उष्णता पिस्टन ढकलायच्या ऐवजी सायलेन्सरमधून निघून जाते. मोकळ्या गाडीला हा दोष जाणवत नाही. ओझं लागलं की लगेच उघडा पडतो.

१ ऑक्टोबर, रविवार

आजपासून लिहून ठेवायला सुरुवात. तुळशीच्या लग्नानंतर आमचा सीझन सुरू होतो, त्याच्या आत हे निस्तरायचं.

टायमिंगला हात लावण्याआधी बाकीचं तपासलं. एअर फिल्टर झटकला तर अर्धी बादली धूळ निघाली, नवा टाकला. रेडिएटर बाहेरून पाण्यानं धुतला. फॅन बेल्ट ठीक. टॅपेट थंड इंजिनावर लावले, दोन सैल होते. डिझेल फिल्टर बदलला, एअर काढली. मोकळी फेरी मारली, फरक थोडाच.

५ ऑक्टोबर, गुरुवार

चारही इंजेक्टर काढून टेस्टिंगला नेले. दोन इंजेक्टर मूळ दाबाच्या खाली उघडत होते आणि एकाच्या टोकाला फवारा थांबल्यावरही थेंब लोंबत राहत होता. त्याचं नोझल नवं टाकलं, बाकीच्यांना शिमा (पातळ चकत्या) घालून दाब सारखा केला.

हे टायमिंगच्या आधीच करायला पाहिजे. स्प्रिंग सैल झाली की इंजेक्टर लवकर उघडतो, म्हणजे पंप जिथल्या तिथं असूनही डिझेल सिलिंडरमध्ये लवकर पडतं. अशा इंजेक्टरवर टायमिंग लावलं आणि नंतर इंजेक्टर दुरुस्त केले तर लावलेलं टायमिंग वाया जातं.

८ ऑक्टोबर, रविवार

मोजमापाची सोय केली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून के-टाइप थर्मोकपल (धुराचं तापमान मोजणारी तार) बसवला, डिजिटल मीटर डॅशबोर्डवर. भोक पाडताना मॅनिफोल्ड खोलून घेतला, गाडीवर पाडलं नाही. बारीक चुरा आत राहिलेला चालत नाही.

चाचणीचा रस्ता ठरवला : पसरणीच्या शेवटच्या घरापासून घाटातले नऊ किलोमीटर. वेळ पहाटे साडेसहा, ट्रॉली भरलेली, टाकीत डिझेल सारखं, गाडीत आण्णा आणि मी. दर वेळी हेच ठेवायचं. वाई साधारण सातशे मीटरवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्क्यानं पातळ होते, म्हणजे वर पोचेपर्यंत बिनटर्बोच्या इंजिनाला सहा टक्के हवा कमी मिळते. त्यामुळं घाटाच्या शेवटी थोडा धूर वाढतोच, तो टायमिंगच्या नावावर टाकायचा नाही. म्हणून रस्ता तोच हवा.

पहिली फेरी : २२ मिनिटं ४० सेकंद. एक्झॉस्ट जास्तीत जास्त ७०५ अंश. पाणी १०६. इंजेक्टर आणि फिल्टर नवे असूनही हे आकडे. आता संशय टायमिंगवरच.

१० ऑक्टोबर, मंगळवार

स्पिल टायमिंग बघितलं, म्हणजे पंप डिझेल नेमकं कधी सोडतो ते धार तुटण्यावरून मोजलं. नवीन कोणी करणार असेल तर सविस्तर लिहितो.

एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलत असतील तेव्हा एक नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो. पंपाच्या एक नंबरचा पाइप सोडायचा, होल्डर खोलायचा, आतली स्प्रिंग आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह चिमट्यानं उचलून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवायचा. हा व्हॉल्व्ह आणि त्याची सीट ही एकमेकांवर घासून बसवलेली जोडी असते, दुसऱ्याशी अदलाबदल करायची नाही. होल्डर पुन्हा लावून त्यावर वाकडी नळी बसवायची, तोंड खाली.

मग ॲक्सिलरेटर ओढलेल्या जागी बांधायचा, बंद करायची दोरी पूर्ण आत. हँड प्रायमर मारला की नळीतून डिझेलची धार पडते. क्रँक एका मोठ्या पान्यानं, इंजिन चालतं त्याच दिशेला, अगदी हळू फिरवायचा. प्लंजर वर चढतो, बॅरलचं भोक झाकायला लागतो, धार बारीक होते, तुटते, आणि थेंब पडायला लागतात. थेंबांमधलं अंतर वाढत जातं. मी एक थेंब पडल्यावर मनात पंधरापर्यंत मोजतो. तोवर पुढचा पडला नाही तर भोक झाकलं असं धरतो. तीच डिझेल सुटायची वेळ. पुढं निघून गेलात तर तिथून मागं ओढून जुळवायचं नाही. पाव फेरा मागं जाऊन पुन्हा सरळ दिशेनं यायचं, नाहीतर गिअरच्या दातांमधला ढिलेपणा आकड्यात मिसळतो.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा पुलीवरची खूण सुईच्या बरोब्बर समोर, बुकातल्या (कंपनीच्या माहितीपुस्तकातल्या) अंशावर.

बुकातला आकडा इथं मुद्दाम लिहीत नाही. एकाच नावाच्या इंजिनाला वेगवेगळे पंप लागलेले असतात आणि अंश त्याप्रमाणे बदलतो. पंपाच्या पाटीवरचा नंबर वाचा आणि त्याचा आकडा घ्या.

म्हणजे ज्यानं पंप बसवला त्यानं काम नीट केलं होतं. मग गाडी ओढत का नाही?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

मिस्त्रींना बोलावलं. आण्णांच्या पहिल्या जीपपासून आमच्या गाड्या तेच बघतात. त्यांनी बोनेट उघडलं, दोन वेळा रेस केली, डोळे मिटून ऐकलं.

"टायमिंग मागं हाय. खूण बिण बघू नगंस, कान काय सांगतोय ते बघ."

"पण मिस्त्री, मी तीनदा स्पिल केलंय. खुणेवर आहे."

"आसंल. गाडी खुणंवर चढती का घाटावर?"

पंपाच्या फ्लँजचे तीन नट ढिले केले आणि बॉडी इंजिनाकडं ढकलली. नियम असा : पंपाची कॅमशाफ्ट ज्या दिशेला फिरते त्याच्या उलट दिशेला बॉडी फिरवली की टायमिंग पुढं येतं, त्याच दिशेला फिरवली की मागं जातं. मी आधी फ्लँज आणि कव्हरवर सुईनं एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. मिस्त्रींच्या कानाला पटेपर्यंत दोन्ही रेघांमध्ये तीन मिलीमीटर अंतर पडलं होतं. रेस केली की कडक, टणक आवाज. मोकळी गाडी उडायला लागली.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

घाट : २० मिनिटं ५० सेकंद. एक्झॉस्ट ६१५. पाणी १०१.

वेळ आणि एक्झॉस्ट बघून कोणीही खूश होईल. पण वळणावर गाडी १४०० आरपीएमला उतरली आणि पाय दाबला की इंजिनातून हातोडीनं लोखंड ठोकल्यासारखा आवाज. आण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता, ते म्हणाले, "हे मला हातात लागतंय." सकाळी थंड इंजिनाला स्टार्टर मारताना एकदा उलटा झटकाही बसला.

रात्री बसून हिशेब केला. डिझेल सुटल्यावर लगेच पेटत नाही, थोडा वेळ घेतं. तो वेळ एक मिलिसेकंद धरला, तर २००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक १२ अंश फिरतो आणि १४०० ला ८.४ अंश. म्हणजे जे टायमिंग वेगात बरोबर आहे तेच वळणावर कमी आरपीएमला साडेतीन अंशांनी आधी पेटवतं. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून दाब बसतोय. माझ्या पंपाला वेगाप्रमाणं टायमिंग पुढं-मागं करणारा ॲडव्हान्स नाही, एकदा लावलं ते सगळीकडं तेच. म्हणून ओढणाऱ्या गाडीचं टायमिंग मोकळ्या रेसवर ठरवता येत नाही. ते सगळ्यात वाईट जागेवर, म्हणजे वळणावर, जड ओझ्याखाली, कमी आरपीएमला ठरवावं लागतं. हेड गॅस्केट आणि बेअरिंगं तिथंच जातात.

पाण्याचा आकडाही सांगून जातो. सायलेन्सर ९० अंशांनी थंड झाला, पाणी मात्र ५ अंशच उतरलं. उष्णता सायलेन्सरमधून निघायची ती आता इंजिनाच्या हेडमध्ये आणि लायनरमध्ये शिरते आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना. सकाळी घट बसवून गॅरेजात आलो. खूण बरोबर असूनही टायमिंग मागं, हे कोडं सुटत नव्हतं. दोन्ही खरं असेल तर खूणच चुकीची असली पाहिजे.

एक बाद इंजेक्टर होता. त्याची बॉडी ठेवून आतून बोल्ट वेल्ड केला, टोक घासून गोल केलं. एक नंबरचा इंजेक्टर काढून त्या जागी हा लावला की वर येणारा पिस्टन टोकाला पोचायच्या आधी याला टेकतो आणि थांबतो. स्टार्टर अजिबात मारायचा नाही, बॅटरीची वायरच काढून ठेवली. फिरवायचं हातानं, टेकलं की सोडायचं.

पुलीला कॅलेंडरच्या पानाची पट्टी गुंडाळली, जिथं टोक टोकावर येतं तिथं कापली. लांबी ५०४ मिलीमीटर. ३६० नं भागलं की एका अंशाला १.४ मिलीमीटर. पट्टी पुलीवर चिकटवली, टीडीसीच्या (पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो त्या जागेच्या) खुणेवर शून्य. चालत्या दिशेनं फिरवलं : पिस्टन टेकला तेव्हा शून्याची रेघ सुईवर यायला ६१.५ मिलीमीटर बाकी होते. उलटं फिरवलं : दुसऱ्या बाजूनं टेकला तेव्हा शून्य सुईच्या पुढं ५०.५ मिलीमीटर गेलेलं. दोन्ही सारखे यायला हवे होते. फरक ११, त्याचा निम्मा साडेपाच मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ ४ अंश.

टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो. सुई म्हणजे टायमिंग कव्हरला बोल्टनं लावलेली पत्र्याची पट्टी. ती फिरण्याच्या दिशेला वाकलेली होती, आणि मुळाशी रंग उडून गंजाची बारीक रेघ. बघता क्षणी आठवलं. दोन वर्षांपूर्वी फॅन बेल्ट ताणताना अल्टरनेटर मागं रेटायला पहार लावली होती, ती याच पट्टीवर टेकवून. पहार मीच लावली होती.

म्हणजे जूनमध्ये पंप बसवणाऱ्यानं खुणेवर लावलं, मी तीनदा खुणेवर तपासलं, आणि इंजिन प्रत्यक्षात बुकाच्या ४ अंश मागं चालत होतं.

आता तीन मिलीमीटरचा हिशेबही लागला. पंपाच्या मध्यापासून स्टडपर्यंत ५० मिलीमीटर. त्या अंतरावर ३ मिलीमीटर सरकणं म्हणजे पंपाचे साधारण साडेतीन अंश. पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून क्रँकवर तेच ७. बुकाच्या हिशेबात उणे ४ (मागं) वरून अधिक ३ (पुढं). मिस्त्रींचा कान बरोबर होता, टायमिंग मागंच होतं. पण फ्लँजवर क्रँकचा एक अंश म्हणजे अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी. सुईनं ओढलेल्या रेघेची जाडी त्यात हिशेबात घ्यावी लागते. तिथं कान कितीही तयार असला तरी पुरा पडत नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. काम बंद. पाने, डायल, पाहुणा म्हणून आलेला टॉर्क पाना, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. नवा पिस्टन स्टॉपही (बाद इंजेक्टरचं केलेलं ते टेकवायचं हत्यार) पाटावर ठेवला. आण्णांनी त्याला वेगळं फूल वाहिलं.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन मिलीमीटर जाड पट्टीची नवी सुई केली, टोक घासून बारीक केलं, खऱ्या टीडीसीवर लावली. मग स्पिल करून पंप खऱ्या बुकाच्या अंशावर आणला. रेघांत मोजलं तर मिस्त्रींच्या जागेपासून १.३ मिलीमीटर मागं. नट आवळताना पंप किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा स्पिल. पहिल्यांदा अर्धा अंश सरकला होता, पुन्हा ढिलं करून लावलं. तिसऱ्यांदा जमलं.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बसवताना वॉशर नवं, होल्डर टॉर्क पान्यानं. एअर काढताना पाइपचे नट ढिले करून सेल मारला तेव्हा तोंड आणि हात लांब ठेवले. इंजेक्टरचा फवारा कातडीतून आत शिरतो, बाहेरून टाचणीएवढंच दिसतं आणि आत हात सडतो. कुणाला असं झालं तर थेट दवाखाना, घरगुती उपाय नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

घाट, बुकाच्या अंशावर : २० मिनिटं ३५ सेकंद. एक्झॉस्ट ६४०. पाणी ९५.

अधिक ३ पेक्षाही पंधरा सेकंद लवकर, आणि वळणावर ठोका नाही. १४०० ला पाय दाबला तर जाड, भरलेला आवाज, ट्रॅक्टर नांगर ओढतो तसा. पहिल्या सेलला चालू. पाचगणीच्या अलीकडं थोडा धूर आला तो हवेचा.

५ नोव्हेंबर, रविवार

अजून थोडं मिळतंय का बघावं म्हणून बुकाच्या २ अंश पुढं लावून एक फेरी केली. २० मिनिटं ३० सेकंद, एक्झॉस्ट ६२८, पाणी ९७. पाच सेकंद वाचले. थंड सेलला पुन्हा जडपणा, आणि दोन वळणांवर ठोक्याची सुरुवात ऐकू आली. पाच सेकंदांसाठी गॅस्केट पणाला लावायचं नाही. परत बुकाच्या अंशावर, सुईनं नवी रेघ, जुन्या रेघा घासून काढल्या म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ नको.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांना कागदाची पट्टी आणि दोन्ही आकडे दाखवले. बराच वेळ पट्टी बोटांत फिरवत राहिले.

"मंजी खूणच खोटी व्हती."

"कान खरा होता तुमचा. मागंच होतं."

"पर किती मागं ते कानाला कळत न्हाय, आसं." मग म्हणाले, "ते टेकवायचं हत्यार दोन दिस दे मला. वडाप चालवणाऱ्या एका पोराची गाडी आशीच गरम व्हती. तिला तीन मिस्त्री लागलं."

दिलं. बोल्टचं टोक पिस्टनला हळू टेकवा, एवढंच सांगितलं.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सीझनचं पहिलं लग्न, पाचगणीला. दुपारी दोनला निघालो, म्हणजे चाचणीच्या वेळेपेक्षा ऊन जास्त, आणि रस्त्याला पर्यटकांच्या गाड्या. दोन ठिकाणी चढावर थांबून पुन्हा उचलावी लागली. पाणी ९८ च्या वर गेलं नाही, एक्झॉस्ट ६५५. सप्टेंबरमध्ये जिथं थांबलो ते वळण दुसऱ्या गिअरवर सहज पार केलं. आण्णांनी दोन्ही दगड पायाशी ठेवले होते, ते तसेच परत आणले.

रात्री उतरताना ट्रॉलीचं उजवं चाक हाताला गरम लागलं. सोमवारी बेअरिंग खोलायचं.